६५ मेंढ्यांची पावती

इस्लामच्या आरंभकाळाविषयी आपल्याकडे दोनच आवाज मोठ्याने ऐकू येतात. एक म्हणतो, परंपरा सांगते तसेच सगळे घडले. दुसरा म्हणतो, सगळी रचलेली कहाणी, पैगंबर झालेच नाहीत. दोघांनाही पुराव्याशी देणेघेणे नाही. बाबासाहेबांनी गौतमाच्या गृहत्यागाची पारंपरिक कथा बुद्धीवर घासून नाकारली होती. ती सवय आम्ही इथेही सोडणार नाही.

अडचण खरी आहे. मुहंमद पैगंबर इ.स. ६३२ मध्ये वारले. त्यांचे विस्तृत चरित्र लिहिणारा इब्न इसहाक ७६७ च्या सुमारास वारला, आणि त्याचा ग्रंथही मुख्यतः इब्न हिशामने नंतर काटछाट करून दिलेल्या रूपात आपल्यापर्यंत येतो. मधल्या काळाचा मोठा आधार म्हणजे कथनकर्त्यांची साखळी, इस्नाद: मी अमक्याकडून ऐकले, त्याने तमक्याकडून. ही साखळी तपासण्याचे शास्त्र मुस्लिम विद्वानांनीच उभे केले. खोट्या हदीस रचल्या जातात हे त्यांना युरोपीय पंडितांच्या कितीतरी आधी ठाऊक होते. (आपले बरेच 'अभ्यासक' हे सोयीने विसरतात.)

१९७७ मध्ये पॅट्रिशिया क्रोन आणि मायकेल कुक यांनी मुस्लिम ग्रंथ बाजूला ठेवून ग्रीक, सिरियाक, आर्मेनियन नोंदींवरून इतिहास मांडून पाहिला. त्यांचे बरेच निष्कर्ष टिकले नाहीत. पैगंबर ऐतिहासिक व्यक्ती होते हे तर पुढे क्रोन यांनीच स्पष्ट लिहिले. टिकली ती एक शिस्त: त्या काळातच जे लिहिले गेले, ते आधी वाचा.

असा एक कागद, म्हणजे पपायरस, आज व्हिएन्नात आहे. इजिप्तमधला, हिजरी २२, म्हणजे इ.स. ६४३ चा. अब्दुल्ला बिन जाबिर नावाच्या अरब सेनानीने आपल्या सैन्यासाठी ६५ मेंढ्या घेतल्या, त्याची ही पावती, ग्रीक आणि अरबी दोन्हींत. पैगंबरांच्या मृत्यूला जेमतेम ११ वर्षे झालेली. अरबी मजकूर 'बिस्मिल्ला'ने सुरू होतो, हिजरी वर्ष चालू झालेले दिसते, आणि जिंकणारे सैन्य स्थानिक अधिकाऱ्यांना रीतसर पावती देते आहे. धर्मप्रचारासाठी कोणी मेंढ्यांची पावती लिहीत नाही, म्हणूनच तिची साक्ष वजनदार.

आता बिलाल. हबशी गुलाम, अबू बक्र यांनी मुक्त केलेला, पहिली अजान देणारा. समतेचा दाखला म्हणून आपल्या सभांत त्याचे नाव येते, आणि यावे. पण ही कथा आपल्याला नंतरच्या ग्रंथांतूनच मिळते. तिच्यातून नक्की कळते ते हे, की त्या समाजाला ही आठवण अभिमानाने जपावीशी वाटली. त्याच समाजात गुलामगिरीही चालू होती. ८६९ मध्ये दक्षिण इराकच्या खारवट दलदलीत राबणाऱ्या काळ्या गुलामांनी बंड केले, ते ८८३ पर्यंत चालले. त्याची सविस्तर हकीकत तबरीने लिहिली. तो त्याच काळात जगत होता. पण बंडाच्या नेत्याला तो अल्लाहचा शत्रू म्हणतो. गुलामांची बाजू आपल्याला त्यांच्या विरोधकाच्या लेखणीतून वाचावी लागते. बंडखोरांनी अल-मुख्तारा या आपल्या राजधानीत पाडलेली थोडी नाणी मात्र शिल्लक आहेत. त्यांवर त्या नेत्याचे नाव आहे: अली बिन मुहंमद.