संगणकीय संशोधनवही
संशोधनाचे विवेचन, गणनेसाठी लिहिलेले संकेत आणि त्यांपासून मिळालेली उत्तरे व आलेख ही एकाच दस्तऐवजात एकाखाली एक राखणारे संगणकीय साधन. वहीतील संकेताचा तुकडा तेथल्या तेथे चालविता येतो व उत्तर त्याच्याच खाली उमटते. या साधनात दोन निरनिराळ्या परंपरा एकत्र आल्या असून त्यांचा मेळ अद्यापि पुरता बसलेला नाही.

पहिली परंपरा प्रयोगशाळेतील नोंदवहीची. मायकेल फॅराडे (१७९१–१८६७) यांनी आपल्या दैनंदिनीतील परिच्छेदांना १८३२ पासून सलग क्रमांक दिले. ते १६,०४१ पर्यंत गेले. प्रयोग ज्या क्रमाने झाले त्याच क्रमाने, फसलेल्या प्रयोगांसह, तीत नोंदलेले आहेत. दुसरी परंपरा संगणकाशी संवाद साधत काम करण्याची. छिद्रपत्रांचा गठ्ठा देऊन उत्तराची वाट पाहण्याऐवजी एकेक आज्ञा टंकून लगेच उत्तर मिळविण्याची सोय रँड कॉर्पोरेशनची जॉस ही प्रणाली (१९६३) व डार्टमथ महाविद्यालयातील बेसिक ही भाषा (१९६४) यांनी करून दिली. अशा बैठकीस ‘सत्र’ म्हणतात. सत्र चालू असेतोवर चलांची मूल्ये स्मृतीत राहतात. ते संपताच नाहीशी होतात.

आज्ञावली ही प्रथम माणसाने वाचावयाची कृती आहे, हा विचार डॉनल्ड कनूथ यांनी १९८४ मध्ये मांडला. त्यात सत्राला स्थान नव्हते. मॅथेमॅटिका (१९८८) या प्रणालीत थीओडोर ग्रे यांनी रचलेल्या वहीत मजकूर व चालते संकेत स्वतंत्र कोष्ठांत एकत्र आले. फेर्नांदो पेरेझ यांनी कोलोरॅडो विद्यापीठात भौतिकीचे संशोधन करीत असताना २००१ मध्ये आयपायथन सुरू केले. त्याला वहीचे रूप २०११ च्या अखेरीस मिळाले व २०१४ मध्ये त्यातून ज्युपिटर हा प्रकल्प निघाला. ज्यूलिया, पायथन व आर या भाषांवरून बनविलेल्या या नावात गुरूच्या उपग्रहांची नोंद करणाऱ्या गॅलिलीओंच्या वह्यांचेही स्मरण आहे. गुरुत्वीय तरंगांचा शोध फेब्रुवारी २०१६ मध्ये जाहीर झाला, तेव्हा लायगो प्रकल्पाने निरीक्षणांबरोबर त्यांच्या विश्लेषणाची अशी वहीही खुली केली. पुण्याच्या आयुका संस्थेतील शास्त्रज्ञ या प्रकल्पात सहभागी होते.

खरी अडचण सत्रामुळे उद्‌भवते. कोष्ठे कागदावर वरून खाली असली, तरी ती कोणत्याही क्रमाने चालविता येतात. उदा., एका कोष्ठात तापमान २१२° फॅ. दिले असून पुढील कोष्ठ त्याच चलाचे सेल्सिअसमध्ये रूपांतर करते. ते एकदा चालविल्यास १०० हे उत्तर मिळते; अनवधानाने पुन्हा चालविल्यास १०० लाच फॅरनहाइट समजून ३७·८ येते. संकेतात काहीही चूक दिसत नाही. कोष्ठाशेजारी पडणारा बदललेला क्रमांक एवढाच काय तो पुरावा. पुसून टाकलेल्या कोष्ठातील चलाचे मूल्यही सत्रात जिवंत राहते व पुढील उत्तरे त्यावर उभी राहतात. ब्राझील व अमेरिका येथील संशोधकांनी २०१९ मध्ये सु. १४ लाख सार्वजनिक वह्या तपासल्या. चालवून पाहिलेल्यांपैकी सु. २४ टक्केच निर्दोष चालल्या आणि मूळ उत्तरे केवळ ४ टक्क्यांनी दिली. अर्थात सर्व अपयश सत्राचे नव्हे. पुष्कळदा आवश्यक आज्ञासंच किंवा फाइलीच उपलब्ध नसतात.

यावरील उपाय ज्युपिटरहून जुने आहेत. मॅथकॅड (१९८६) पानावरील क्रमानेच गणना करी. खगोलशास्त्रज्ञ कार्स्टन डॉमिनिक यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या ऑर्ग मोडच्या बेबल या विभागात पायथन वा आर भाषेतील प्रत्येक तुकडा, वेगळे न सांगितल्यास, नव्या प्रक्रियेत चालतो. सत्र हवे असल्यास ते मुद्दाम मागावे लागते. यात सोय कमी, पण कोणता तुकडा कशावर अवलंबून आहे ते वहीतच लिहिलेले राहते. ज्यूलियासाठीची प्लूटो ही वही (२०२०) चलांचे परस्परावलंबन स्वतः ओळखून बदललेल्या मूल्यावर आधारलेली सर्व कोष्ठे पुन्हा चालविते. ज्युपिटरमध्ये सत्र नव्याने सुरू करून सगळी कोष्ठे क्रमाने चालविण्याची आज्ञा आहे. परंतु एकेका गणनेस कित्येक तास लागत असतील, तेथे ती टाळण्याकडेच कल होतो.