पायातली वहाण

सुट्टीच्या दिवशी ताथवड्यातल्या कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टमध्ये शिरलात तर जरा खाली पायांकडे बघा. दोन-तीन जोड तरी त्या भोकाभोकांच्या, फुगीर, बेडकासारख्या दिसणाऱ्या क्रॉक्सचे असणारच. आणि त्यावरून घरोघरी वादही ठरलेला. मुलगा म्हणतो, "पायाला बरं वाटतं." आई म्हणते, "वाटू दे, पण हे घालून लग्नाला यायचं नाही." आमच्याकडेही हेच चालतं. आमचे जे नातेवाईक हा ब्लॉग वाचतात त्यांना त्यातली पात्रं ओळखायला वेळ लागणार नाही. :)

हे क्रॉक्स २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात काही मित्रांनी बाजारात आणले, तेही होडीवर घालण्यासाठी. घसरू नये, पाणी साठू नये, वजन लागू नये, एवढीच अपेक्षा. दिसण्याचा विचार त्यात नव्हताच. 'टाइम' साप्ताहिकानं २०१० साली जगातल्या सर्वांत वाईट पन्नास शोधांच्या यादीत त्यांना बसवलं. पुढे २०१७ मध्ये बालेन्सियागा नावाच्या बड्या फॅशन कंपनीनं त्यांनाच उंच तळवा लावून पॅरिसमध्ये मिरवलं. वस्तू तीच, पण सात वर्षांत हसण्यावारी नेलेली चीज मिरवण्याची झाली.

यावरून मला एक शंका आली. आपण भांडतो ते आराम आणि रूप यांच्यावरून, असं आपल्याला वाटतं. पण खरा वाद तिसऱ्याच गोष्टीचा असावा. पायात काय आहे यापेक्षा पाय कुणाचा आहे, याचा. आपल्याकडचा जुना इतिहास चाळला तर ही शंका पक्की होत जाते.

इंग्रजांच्या राज्यात साहेबासमोर जाताना हिंदी माणसानं जोडे काढावेत असा दंडक होता. देवळात, घरात तुम्ही जोडे काढता ना, मग आमच्यासमोरही काढा, असा त्यामागचा युक्तिवाद. पण १८५४ साली गव्हर्नर जनरलच्या सरकारनं बंगालमधल्या लोकांना एक सवलत दिली. जे विलायती बूट-मोजे घालतील त्यांनी सरकारी समारंभात ते काढले नाहीत तरी चालेल! देशी जोडा मात्र बाहेरच. म्हणजे धूळ दोन्हींना सारखीच, कातडंही दोन्हींत, पण एक जोडा आत आणि एक दाराशी. आदर कशात मोजला जात होता ते उघड आहे.

१८६२ साली आपल्याच मुंबई इलाख्यात, सुरतेच्या कोर्टात, याची मोठी ठिणगी पडली. माणेकजी कावसजी एंटी नावाचे पारशी गृहस्थ तिथे असेसर होते. सेशन्स जज्जानं त्यांना जोडे काढायला सांगितलं आणि त्यांनी साफ नकार दिला. त्यांना कोर्टात प्रवेश मिळाला नाही. त्यांनी थेट मुंबईच्या गव्हर्नराकडे तक्रार लिहिली. त्या वेळी आपल्या लोकांनी जो प्रतिवाद केला तो मला फार आवडतो. घरात जोडे काढतो ते रस्त्याची घाण आत येऊ नये म्हणून, देवळात काढतो ते कातड्याचा विटाळ मानतो म्हणून. कोर्ट हे ना घर, ना देऊळ. मग तिथे का काढायचे? अगदी वकिली मुद्दा!

पण त्या प्रतिवादातल्या 'विटाळ' या शब्दापाशी मी थबकलो. साहेबाशी समान मानासाठी भांडणाऱ्या आपल्याच समाजात, त्याच काळात, दलित माणसाला कित्येक गावांत वरच्या आळीतून जाताना वहाणा काढून हातात घ्याव्या लागत. ज्यानं वहाण शिवली, त्यालाच ती घालून चालायची चोरी. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण आपण सहज वापरतो. ती चपलेविषयी नाहीच, माणसांविषयी आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही.

बायकांचं काय? आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघण्याआधी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालात श्रीरामपूरच्या कॉलेजात बोलल्या होत्या. वैद्यकी शिकायला परदेशी का जाते, हे सांगताना त्यांनी मुंबईतला शाळेत जातानाचा अनुभव सांगितला. लोक खिडक्यांतून डोकावून बघत, हसत, आणि बूट-मोजे घालून शाळेत निघालेली ही कोण बाई, कलियुग आलं म्हणायचं, अशा अर्थाचं बोलत. गंमत बघा. सुशिक्षित पुरुषानं तेच बूट-मोजे घातले तर त्याला सरकारदरबारी मान वाढत होता. बाईनं घातले की कलियुग! बुटात फरक नव्हता.

आता कोल्हापुरीकडे येऊ. आज कुर्त्याखाली आपण ऐटीत घालतो ती चप्पल मुळात शेतातली, काट्याकुट्यातली. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, खिळा न ठोकता कातडी वादीनंच शिवलेली. नवी असताना चावते, तेल पाजावं लागतं, मग मात्र पायाचा आकार घेते. राजर्षी शाहू महाराजांनी या धंद्याला आधार दिला. ज्या राजानं १९०२ मध्ये मागासवर्गीयांसाठी निम्म्या सरकारी जागा राखल्या, त्याला कातडं कमावणाऱ्या हातांचं मोल कळावं यात नवल नाही. (आमच्या ताथवड्यात त्यांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तिथली मुलं क्रॉक्स घालून चहाच्या टपरीवर उभी असतात. महाराजांनी काही त्यांना हटकलं नसतं असं मला वाटतं.)

२०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांना मिळून. आणि जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये हुबेहूब तशाच चपला पुरुषांच्या पायांत घातल्या. नाव दिलं नुसतं 'चामड्याच्या सॅण्डल'! कोल्हापूरचा उल्लेखही नाही. इकडे गदारोळ उठला, महाराष्ट्र चेंबरनं पत्र लिहिलं, तेव्हा कंपनीनं प्रेरणा कुठली ते मान्य केलं. डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करारही झाला. दोन हजार जोड, किंमत सुमारे आठशे युरो, असं जाहीर झालं. वाईट नाही. पण जी चप्पल घालून पूर्वी साहेबाच्या दारात शिरता येत नव्हतं, ती साहेबाच्याच देशांत मिरवायला लागल्यावर आपल्यालाही तिचा जास्त अभिमान वाटू लागला, हे जरा टोचतंच.

उरली बिचारी रबरी स्लीपर. हिच्या वाट्याला अजून मिलान आलेलं नाही. जपानी गवती चपलेवरून हिचा घाट घेतलाय, आणि नाव पडलं हवाई. गरिबाचं दुसरं नावच जणू हवाई चप्पल. २०१७ मध्ये 'उडान' योजनेतलं पहिलं विमान सोडताना पंतप्रधानही हवाई चप्पलवाल्यांना विमानात बसलेलं बघायचंय असं म्हणाले, तेव्हा त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

आमचा हा सगळा पट्टा खरं तर पायांवर उभा राहिलेला. पिंपरी, आकुर्डी, चाकणच्या कारखान्यांत बोटांवर पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज घालून लोक आठ-आठ तास उभे राहतात. तिथे ते हवेतच, त्यात वाद नाही. लोखंडाचा तुकडा पडला तर चप्पल काय वाचवणार? पण पाळी सुटली की पिशवीतून जुनी सॅण्डल निघते आणि माणसाचा चेहरा बदलतो, तो बघण्यासारखा असतो. देहूहून निघून तुकोबांची पालखी आकुर्डीला मुक्कामाला येते तेव्हाही मी पायच बघतो. पंढरपूरपर्यंत अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं. त्या पायांत रबरी, कॅनव्हासच्या, टायरच्या, शिवून शिवून जुन्या झालेल्या वहाणा असतात. तिथे कुणी कुणाला हसत नाही. आणि पालखीत तरी काय असतं? पादुकाच.

हे सगळं आठवायला कारण असं घडलं. इथल्याच एका सोसायटीत (नाव नको) रात्रपाळीच्या वॉचमननं पाय सुजले म्हणून बूट काढून स्लीपर घातली. बारा तासांची ड्यूटी, कडक तळव्याचे काळे बूट, तेही एजन्सीनं दिलेले, एक नंबर लहान. कुणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकला, "सोसायटीचं स्टॅण्डर्ड काय राहिलं?" एजन्सीनं त्याचा एका दिवसाचा पगार कापला. फोटो काढणाऱ्या गृहस्थांच्या पायांत त्या वेळी काय होतं ते सांगायला हवं का? भोकाभोकांचे, हिरवे.

मी त्यांना दोष देत नाही. गणवेशाला अर्थ असतो, रात्री-अपरात्री फाटकाशी उभा असलेला माणूस ओळखू यावा हेही बरोबर. माझं म्हणणं एवढंच की 'बरं दिसत नाही' हे वाक्य आपण कुणाला म्हणतो आणि कुणाला म्हणत नाही ते एकदा तपासावं. मुलाला म्हटलं तर तो हसून निघून जातो. वॉचमनला म्हटलं तर पगार कापला जातो. दीडशे वर्षांपूर्वी सुरतेच्या जज्जाला आपण जो प्रश्न विचारला होता तो आता आपल्याला विचारायची पाळी त्या फाटकावरच्या माणसाची आहे. फक्त त्याला गव्हर्नराला पत्र लिहायला सवड नाही.

मी तिथल्या पुढच्या सभेसाठी ओळखीच्या सभासदांकरवी दोन ओळींचा विषय दिला आहे. वॉचमनना मापाचे, मऊ तळव्याचे काळे बूट द्यावेत, आणि रात्री बारानंतर केबिनमध्ये स्लीपर चालावी. कापलेला पगार परत मिळावा हे तिसरं, पण ते तोंडी मांडायचं ठरलंय. मंजूर होईल की नाही माहीत नाही. विरोध होणार हे नक्की, आणि विरोध करणारे बहुतेक क्रॉक्स घालूनच येतील.

येऊ देत. पायाला आराम हवाच की!