चालत्या मेंदूवरचा उजेड

सिंधुदुर्गात मालवण-वेंगुर्ल्याकडे कुणाच्या ‘अंगावरून वारा गेला’, म्हणजे पक्षाघात झाला, की गाडी बहुधा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयाकडे धावते. जीव वाचतो, माणूस घरी येतो आणि पुन्हा चालायला शिकणं सुरू होतं. त्या पहिल्या पावलांच्या वेळी मेंदूत काय घडतं, हे दिसायला मात्र एकविसावं शतक उजाडावं लागलं.

१९२४ मध्ये जर्मनीत हान्स बर्गर यांनी मेंदूच्या विद्युतलहरी टिपल्या. पण शरीर हललं की त्या गढूळतात. एमआरआयमध्ये तर निश्चल पडून राहावं लागतं. चालणाऱ्याचा मेंदू दोन्हींतून निसटत होता.

वाट सापडली उजेडातून. अंधारात बॅटरीवर तळवा ठेवला की बोटं लालभडक दिसतात, कारण तांबडा उजेड रक्तामांसातून आरपार येतो. त्याच्या पलीकडचा अवरक्त प्रकाश कवटीही भेदतो आणि रक्तातल्या प्राणवायूनुसार कमीजास्त शोषला जातो. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या फ्रान्स यॉब्सिस यांनी १९७७ मध्ये हे दाखवून दिलं. मेंदूचा जो भाग राबतो, तिकडे ताजं रक्त धावतं. १९९३ पासून ही धाव माणसांत मोजली जाऊ लागली.

जपानमध्ये ओसाकाला इचिरो मियाई यांनी अवरक्त प्रकाशाचे दिवे चालणाऱ्यांच्या डोक्यावर बसवले. २००१ मध्ये निरोगी माणसं, २००२ मध्ये पक्षाघातामुळे चालू न शकणारे सहा रुग्ण. अंगाचा थोडा भार पट्ट्यांनी पेलून त्यांना ट्रेडमिलवर चालवलं. मेंदूची धड बाजू जास्त राबत होती. पण इजा झालेल्या बाजूचा, हालचालीची आखणी करणारा भागही कामाला लागलेला दिसला. फिजिओथेरपिस्टने लुळा पाय नुसता उचलून पुढे ठेवला, तेव्हा मेंदू कमी जागा झाला. रुग्णाचा पाय स्वतःहून पुढे यावा अशी चालना दिली, तेव्हा मेंदूही अधिक जागा झाला आणि चालही सुधारली.

मग त्यासाठी यंत्र हवंच का? २०११ मध्ये अमेरिकेतल्या ४०८ रुग्णांच्या चाचणीने याचं उत्तर दिलं. ट्रेडमिलचे उपचार आणि फिजिओथेरपिस्टने घरी येऊन घेतलेला व्यायाम, दोन्हींचा पक्षाघातानंतर वर्षभराने दिसलेला गुण सारखाच निघाला. एकूण ५२ टक्के रुग्णांची चाल सुधारली.

महागडं यंत्र आपल्या वाडीपर्यंत पोचणं कठीण, पण शिकलेला फिजिओथेरपिस्ट पोचू शकतो. सिंधुदुर्गाने आधी मागणी करायला हवी ती त्याची. आणि घरच्यांनी आधाराला हात जरूर द्यावा, पण पाऊल रुग्णालाच टाकू द्यावं.