फ्रँकी नकल्स : दुसऱ्यांच्या तबकड्या

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने चिठ्ठी दिली. दुसऱ्यांच्या तबकड्या वाजवणाऱ्याला कलावंत का म्हणायचं? प्रश्न रास्त आहे. मी आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा व्याख्येपासून सुरुवात करायची खोड आहे. पण आज आधी शिकागोला जाऊ.

फ्रँकी नकल्स मूळचा न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्सचा, जन्म १९५५. १९७७ साली तो शिकागोला आला, ‘वेअरहाऊस’ नावाच्या क्लबात डीजे म्हणून. ही जागा आधी त्याचा मित्र लॅरी लेव्हान याला देऊ केली होती. त्याने न्यूयॉर्क सोडलं नाही. क्लबात येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो तरुण, त्यातले पुष्कळ समलिंगी. शहरात इतरत्र त्यांना निर्धास्तपणे नाचता येईल अशी ठिकाणं फार नव्हती. शनिवारची रात्र रविवारपर्यंत चाले.

आता १२ जुलै १९७९. त्याच शहरात कोमिस्की पार्कवर बेसबॉलचे दोन सामने होते. डिस्कोची तबकडी आणा, ९८ सेंटांत आत या, अशी योजना. दोन सामन्यांच्या मध्ये तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला, लोक मैदानात घुसले आणि दुसरा सामना झालाच नाही. गंमत म्हणून सांगतात हे, पण मला त्यात गंमत दिसत नाही. ते संगीत कुणाचं होतं, हे जाळणाऱ्यांना ठाऊक नव्हतं असं मानणं जड जातं.

पुढे मोठ्या कंपन्यांनी डिस्कोतून हात काढून घेतला. नवा माल आटला, आणि नाचणारे तर दर शनिवारी दारात हजर! मग नकल्सने काय केलं? जुनीच गाणी टेपवर घेतली, फिती कापल्या, जोडल्या. तालाचा तुकडा लांबवला, गाणारा गळा उशिरा आणला, मधला भाग पुन्हा पुन्हा घोळवला. गाणं ओळखीचंच, पण ते संपायचं मात्र राहिलं. पुढे ‘पॉवर प्लँट’ या स्वतःच्या क्लबात त्याने त्याखाली ड्रम मशीनचा ठोका घातला. रोलँड टीआर-९०९ हे ते यंत्र. डेट्रॉइटच्या डेरिक मेकडून विकत घेतलेलं.

‘हाऊस’ हे नाव वेअरहाऊसवरूनच पडलं, असं सांगतात. तिथे वाजणाऱ्या तबकड्या लोक दुकानात मागायला लागले.

तेव्हा त्या चिठ्ठीबद्दल. १९९८ साली ग्रॅमीवाल्यांनी रीमिक्स करणाऱ्यांसाठी वेगळा पुरस्कार काढला. पहिला मानकरी नकल्सच. मधुमेहामुळे नंतर त्याचा पाय कापावा लागला, तरी वाजवणं सुटलं नाही. २०१४च्या ३१ मार्चला तो शिकागोतच गेला. जेफरसन स्ट्रीटच्या एका तुकड्याला त्याचं नाव २००४मध्येच मिळालं होतं. वेअरहाऊसच्या इमारतीला शहराचा वारसा-दर्जा मिळायला मात्र २०२३ उजाडलं.