गांवचें वाचनालय कोणाचें?

लहानशा गांवच्या सार्वजनिक वाचनालयाचा वार्षिक अहवाल आवडीनें कोणी वाचीत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. वर्गणीदार किती, ग्रंथ किती, कपाट कोणीं देणगी दिलें, व्याख्यानें कोणाचीं झालीं, मुलांच्या वक्तृत्वस्पर्धेंत बक्षीस कोणास मिळालें आणि शेवटीं जमाखर्चांत तूट किती आली, एवढाच त्यांतील मजकूर. तथापि अशा संस्थांच्या इतिहासाकडे नजर टाकिली म्हणजे या रुक्ष तपशिलामागें एक प्रश्न सारखा उभा असलेला दिसतो. हें वाचनालय कोणाचें? वर्गणी देणाराचें, इमारत बांधून देणाराचें, सरकारचें, कीं सगळ्या गांवाचें? या प्रश्नास आमच्या लोकांनीं वेळोवेळीं जीं उत्तरें दिलीं, त्यांचा थोडासा वृत्तांत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

महाराष्ट्रांत या संस्थांचा उगम इंग्रजी अमदानीच्या आरंभींच झाला. रत्नागिरीस १८२८ सालीं, नगरास १८३८ सालीं, नाशिकास १८४० सालीं व पुण्यास १८४८ सालीं ग्रंथालय निघालें; कल्याणास तें १८६४ सालीं आलें. कांहीं ठिकाणीं साहेब अधिकाऱ्यांचें उत्तेजन, तर कांहीं ठिकाणीं नव्यानें शिकलेल्या मंडळींची उमेद, अशा दोन्ही प्रेरणा त्यांच्या मुळाशीं होत्या. नांव पुष्कळदा 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' असें असे. 'दर्पण' निघालें तेंच मुळीं १८३२ सालीं. छापील पुस्तक विकत घेण्याची ऐपत थोड्यांची. तेव्हां चार शिकलेल्यांनीं वर्गणी काढून पुस्तकें एके ठिकाणीं ठेवावीं, हा विचार त्या काळीं लहान नव्हता. पुढें न्यायमूर्ति रानडे यांच्या पुढाकारानें १८७५ पासून पुण्यांत वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि अशा ज्ञानसत्रांची प्रथा गांवोगांव पसरली. अनेक ठिकाणीं तीं भरविण्याचें काम वाचनालयानेंच अंगावर घेतलें, व पुस्तकांच्या खोलीचें रूपांतर गांवाच्या बैठकींत झालें.

परंतु 'जनरल' या शब्दाचा अर्थ तेव्हां किती आकुंचित होता, हेंही सांगितलें पाहिजे. पुण्याचें ग्रंथालय ज्या १८४८ सालीं लोकहितवादींसारख्यांच्या पुढाकारानें निघालें, त्याच सालीं त्याच शहरांत भिडे यांच्या वाड्यांत जोतीराव फुले यांनीं मुलींची शाळा उघडली. त्या शाळेंत अक्षर ओळखूं लागलेल्या मुलींस ग्रंथालयाच्या मेजाशीं जागा मिळण्यास किती काळ जावयाचा होता! ज्याच्यापाशीं वर्गणीस व अनामतीस पैसे नाहींत, ज्याची जात पाटीखालून आंत येऊं देत नाहीं, किंवा जिचें घरच तिला बाहेर पडूं देत नाहीं, अशांच्या दृष्टीनें दारावरील 'सार्वजनिक' हा शब्द पुष्कळ वर्षें केवळ पाटीवरच राहिला.

या प्रश्नाचें अधिक धीट उत्तर बडोद्यानें दिलें. श्रीमंत सयाजीराव गायकवाड यांनीं १९०६ सालीं आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें केलें. पण लवकरच एक अडचण ध्यानांत आली. शाळा सुटलेल्या मुलाच्या हातीं पुढें पुस्तकच पडलें नाहीं, तर शिकलेलें अक्षर कांहीं वर्षांत पुसून जातें आणि शाळेवर केलेला खर्च मातीस मिळतो. मोतीभाई अमीन यांच्यासारखे कार्यकर्ते गांवोगांव वाचनगृहें काढण्याच्या खटपटींत होतेच. महाराजांनीं १९१० सालीं अमेरिकेंतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास आणून त्या खटपटीस खात्याचें रूप दिलें. बोर्डन १९१३ पर्यंत येथें होते. राजवाड्यांतील महाराजांचा स्वतःचा संग्रह मध्यवर्ती ग्रंथालयास मिळाला. ग्रंथपालांच्या शिक्षणाचा वर्ग निघाला. १९१२ पासून 'लायब्ररी मिसेलनी' हें नियतकालिक इंग्रजी, गुजराथी व मराठी अशा तिन्ही भाषांत मजकूर देऊं लागलें. ज्या खेड्यांत ग्रंथालय नाहीं तेथें पुस्तकांच्या पेट्या जात. त्यांस वर्गणी नसे व वाहतुकीचा खर्चही सरकारच सोशी. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांच्याकरितां जादूच्या कंदिलाचे आणि चलच्चित्रांचे खेळ होत. स्त्रियांसाठीं व मुलांसाठीं राजधानींत वेगळी सोय होती.

तथापि आमच्या मतें या योजनेचें मर्म पेट्यांत नव्हतें, तर हिशोबाच्या एका नियमांत होतें. गांवानें किंवा कसब्यानें वाचनालयाकरितां ठराविक मर्यादेपर्यंत जेवढी रक्कम जमवावी, तेवढीच प्रांत पंचायतीनें द्यावी आणि तेवढीच सरकारनें. तीन हिस्से, तीन मालक. सगळेंच फुकट मिळालें असतें तर लोकांस त्याची माया वाटली नसती. सगळेंच लोकांवर सोंपविलें असतें तर गरीब गांव कायमचें वंचित राहिलें असतें. या नियमानें गांवास अभिमानही ठेवतां आला आणि आधारही मिळाला. राजाची मर्जी फिरली तर योजना ढासळेल, हा दोष तीत होताच. आणि एखाद्या गांवीं वाचनालय म्हणजे शाळेंतील एक कपाट, एवढेंच असे. पण उत्तर स्पष्ट होतें: वाचनालय सर्वांचें, म्हणून खर्चही सर्वांचा.

सयाजीराव १९३९ सालीं निवर्तले, १९४९ सालीं संस्थानही मुंबई प्रांतांत विलीन झालें. तिकडे मुंबई सरकारनें १९३९ सालीं फैजी यांच्या अध्यक्षतेखालीं ग्रंथालयांच्या वाढीचा विचार करण्यास समिति नेमिली होती. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं ग्रंथालयांचा कायदा केला. आणि महाराष्ट्राचा कायदा १९६७ सालीं होऊन १९६८ च्या १ मेपासून अंमलांत आला. मद्रासेच्या १९४८ च्या कायद्यांत ग्रंथालयाकरितां स्थानिक कर आहे. महाराष्ट्राच्या कायद्यांत तसा कर नाहीं. येथें संस्था लोकांनीं काढावी, चालवावी, आणि सरकारनें अ, ब, क, ड अशा वर्गांप्रमाणें अनुदान द्यावें, अशी रीति पडली. म्हणजे बडोद्याच्या तीन हिश्श्यांपैकीं पहिला आणि शेवटचा येथें आहेत. मधला, स्थानिक सत्तेचा हक्काचा हिस्सा तेवढा गळाला. त्याचें ओझें अल्प वेतनाच्या ग्रंथपालावर व विनावेतन राबणाऱ्या चिटणिसावर पडतें, आणि अहवालांतील तूट वर्षानुवर्षें तशीच छापली जाते.

ही उणीव कायद्यानें भरून निघावी, असें आम्हांस मनापासून वाटतें. परंतु तोंवर पहिल्या हिश्श्याचें काय? वाचनालयाची वार्षिक सभा भरते तेव्हां कार्यकारी मंडळाखेरीज किती सभासद हजर असतात, हें ज्यानें त्यानें आपल्या गांवीं पाहावें. दीडशें-दोनशें वर्षांपूर्वीं मूठभर माणसांनीं जें दार उघडलें, तें सर्वांसाठीं करण्यास पुढल्या पिढ्या झिजल्या. आतां तें सर्वांचें झाल्यावर कोणाचेंच न राहावें, ही गोष्ट आमच्या पिढीस शोभणारी नाहीं. पुढल्या सभेस एक खुर्ची आपण भरावी, आणि जातांना घरांतील लेकीसुनांस व मुलांस बरोबर न्यावें, एवढेंच वाचकांस आमचें सांगणें आहे.