जयपूरची मोहनवीणा

गानसम्राट अल्लादियाखाँसाहेब मूळचे जयपूर संस्थानातील उणियाऱ्याचे. कोल्हापुरास आले आणि आम्हां मराठी जनांचेच झाले. वाद्यांचेही असेच घडते. तारांवर कांडी सरकवून वाजवावयाची गिटार हवाई बेटांतली, जोधपूरच्या पं. ब्रिजभूषण काबरांनी तिच्यावर राग रुजविले. जयपूरचे पं. विश्वमोहन भट्ट (जन्म १९५०) हे पं. रविशंकरांचे शिष्य. त्यांनी तिला चिकारीच्या व तरफेच्या तारा जोडून ‘मोहनवीणा’ घडविली. शुद्धतेचे अभिमानी तिला वीणा म्हणावयास कचरत असतील. आमच्या मते, जिच्यातून गळ्यासारखी मींड निघते तिला हे नाव शोभते. रॉक व ब्लूज संगीतात मुरलेले अमेरिकन गिटारवादक राय कूडर यांच्यासह पूर्वतालमीवाचून केलेल्या त्यांच्या ध्वनिमुद्रणास १९९४ साली ग्रॅमी पारितोषिक लाभले. तबल्यावर सुखविंदरसिंग नामधारी होते. कूडरांचे किशोरवयीन चिरंजीवही तालवाद्य घेऊन बसले होते.