पेंडन: गाव खोटं, घरं खरी

मॉडेल रेल्वे म्हटलं की सगळे इंजिनांबद्दल बोलतात. आज आपण इमारतींबद्दल बोलू. तयार किट न घेता पुठ्ठा, लाकूड, प्लॅस्टिक कापून इमारत बनवायची, याला म्हणतात स्क्रॅच बिल्डिंग. पण मापं कुठून आणायची? खऱ्या इमारतीवरून.

हे काम ज्याने फार मनावर घेतलं तो रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, माणूस ऑस्ट्रेलियाचा! १९२५ साली तो इंग्लंडला आला. ग्रेट वेस्टर्न रेल्वेचं वेड होतंच. पण व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यात त्याला दिसलं की जुन्या घरांची गवताची छपरं जाऊन ॲस्बेस्टॉस येतंय. घरं वाचवणं त्याच्या हातात नव्हतं. मोजून ठेवणं होतं. त्यातूनच पुढे लाँग विटनमचं पेंडन म्युझियम उभं राहिलं. तिथलं गाव काल्पनिक आहे, पण घरं खोऱ्यातल्या खऱ्या घरांवरून केलेली.

तिथेच ब्रुनेलच्या पद्धतीचा लाकडी रेल्वेपूलही आहे. कॉर्नवॉलमधला असा शेवटचा पूल १९३४ मध्ये बदलला गेला. म्हणजे मूळ गेलं, मॉडेल राहिलं.

पेंडनचं प्रमाण आहे एका फुटाला ४ मिलिमीटर. ९ इंची वीट झाली ३ मिलिमीटर! याचा एक फायदा होतो. इमारतीपर्यंत पोचता आलं नाही, तरी समोरून काढलेल्या फोटोत विटा मोजायच्या, की भिंतीची लांबी-उंची निघते.

तुम्ही म्हणाल, मग फोटोच ठेवा ना, मॉडेल कशाला? मी सध्या यार्डातला मालधक्का बनवतोय, म्हणून सांगतो. फोटो नुसता बघून सोडता येतो, बनवताना मात्र प्रश्न पडतातच. धक्का एवढा उंच का? वॅगनच्या तळाशी समतल असला की पोती उचलावी लागत नाहीत, सरळ आत जातात. छप्पर भिंतीच्या एवढं बाहेर का? पावसात माल भिजू नये म्हणून. तिथे काम कसं चालायचं, ते भिंतीच सांगतात.

आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेचा नॅरोगेज मार्ग ब्रॉडगेज झाला. असं काही बदलतं तेव्हा इंजिन एखाद्या म्युझियमसमोर उभं राहतं. गुदामाला, पाण्याच्या टाकीला, केबिनला कोण विचारतो?

तेव्हा तुमच्या स्टेशनात असं काही जुनं उभं असेल, तर रीतसर परवानगी काढा आणि टेप घेऊन जा. मॉडेल नंतर कधीही करता येईल, मापं आत्ताच घ्यावी लागतील. भेटू पुढच्या भागात!